घनसाळच्या वासापासून उत्क्रांतीच्या प्रश्नापर्यंत

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या मनात डीएनएच्या आधारे उत्क्रांतीचा अभ्यास करावा असं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातले बरेच जण विषय ठरवण्याआधीच माघार घेतात. आपल्याकडे डीएनए वाचायचं यंत्र नाही, म्हणजे हे काम पुण्या-बेंगळुरूच्या संस्थांचं, असं ते धरून चालतात. पण डीएनएची अक्षरं वाचून घेणं हे आता पैसे भरून बाहेरून करून घेता येतं, आणि मोठ्या प्रयोगशाळाही ते सर्रास बाहेर पाठवतात. बाहेरून मिळत नाही तो चांगला प्रश्न, आणि त्या प्रश्नासाठी नेमक्या जागेवरून, नीट नोंदी करून आणलेला नमुना. आजरा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा ज्याला पायाखालचं आहे, तो विद्यार्थी या दोन्ही बाबतींत मोठ्या शहरातल्या संशोधकाच्या पुढे असतो.

दोन शाखांची ओळख आधी करून घेऊ. रेण्वीय उत्क्रांती या शाखेत जनुकांची आणि प्रथिनांची अक्षरं लाखो वर्षांत कशी बदलत गेली, कोणती जात कोणापासून कधी वेगळी झाली, हे पाहतात. समष्टी-आनुवंशिकीत एकाच जातीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांमध्ये जनुकांची कोणती रूपं किती प्रमाणात आहेत आणि ते प्रमाण का बदलतं, हे मोजतात. बदलाची कारणं मोजकीच: उत्परिवर्तन, स्थलांतर, नैसर्गिक निवड आणि निव्वळ योगायोग. यातल्या योगायोगाचं वजन मोतू किमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं. रेणूंच्या पातळीवर टिकून राहणारे बहुतेक बदल ना फायद्याचे असतात ना तोट्याचे, ते नशिबाने पसरतात किंवा नाहीसे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्याने यातून एक सवय लावून घ्यावी. दोन गावांतल्या नमुन्यांत फरक दिसला, की लगेच ‘परिस्थितीशी जुळवून घेतलं’ असं लिहू नये. आधी योगायोगाने एवढा फरक पडू शकतो का, ते तपासावं. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध नेमके इथेच घसरतात.

आता एक प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो. विषय आजरा घनसाळ. आजरा तालुक्यातल्या या सुवासिक भाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळाला येणाऱ्या अशा वासाचं मुख्य कारण आहे दोन-असिटिल-एक-पायरोलिन नावाचं संयुग, आणि ते साठण्यामागचं जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे: बीएडीएच-दोन. बिनवासाच्या भातात हे जनुक एक एन्झाइम तयार करतं आणि ते एन्झाइम वासाचा कच्चा माल दुसरीकडे वळवतं. ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की बासमतीसारख्या भातांमध्ये या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमधली आठ अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे पुढचं वाचन विस्कटतं, एन्झाइम अर्धवट राहतं, कच्चा माल साठतो आणि वास येतो. भाताच्या सुमारे ३९ कोटी अक्षरांपैकी फक्त आठ अक्षरं हरवली आणि माणसाने ती हरवलेलीच जपली. निवड कशी काम करते याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या वाफ्यात उभं आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एवढ्यावर मात्र प्रकल्प होत नाही. ‘घनसाळचा जनुकीय अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो, की त्याची दोन उत्तरं संभवतात आणि ती डीएनएत वेगळी दिसतात. आजऱ्यात घनसाळ नावाने पिकवलं जाणारं बियाणं गावोगाव एकच आहे, की एका नावाखाली अनेक वाण मिसळले आहेत? काळा जिरगा हा दुसरा सुवासिक भात आणि घनसाळ यांचा वास एकाच गळालेल्या तुकड्यामुळे येतो, की वेगवेगळ्या? बियाणं पै-पाहुण्यांतून फिरतं, तर सोयरिकीच्या गावांतलं बियाणं शेजारच्या गावापेक्षा जास्त जवळचं निघतं का? यातला शेवटचा प्रश्न आजऱ्याबाहेरच्या माणसाला सुचणारही नाही.

नमुने किती घ्यायचे हा पुढचा पेच, आणि इथे थोडं गणित करावंच लागतं. एखादं रूप समष्टीत पाच टक्के असेल आणि ते आपल्या नमुन्यात येण्याची खात्री पंचाण्णव टक्के हवी असेल, तर त्या जनुकाच्या साधारण ६० स्वतंत्र प्रती तपासाव्या लागतात. प्रत्येक प्राण्यात दोन प्रती, म्हणजे मुक्तपणे संकर होणाऱ्या जातीत ३० प्राणी पुरतात. भाताचं तसं नाही. भात स्वपरागित आहे, त्यामुळे एका रोपातल्या दोन्ही प्रती बहुधा सारख्याच असतात, आणि ३० रोपं म्हणजे जेमतेम ३० स्वतंत्र प्रती. तेवढ्यात ते दुर्मीळ रूप निसटण्याची शक्यता वीस टक्क्यांहून जास्त. म्हणून भाताची ६० रोपं हवीत. एकाच शेतातली ६० घेतली तरीही चालत नाही, कारण ती सगळी एकाच मूठभर बियाण्याची लेकरं असू शकतात. एका शेतातून दोन-तीन रोपं आणि अशी वीस-पंचवीस शेतं, तीही वेगवेगळ्या गावांतली, असं घेतलं तर चाचण्या तेवढ्याच पडतात आणि माहिती कितीतरी जास्त मिळते.

स्वपरागणाची दुसरी अडचण विश्लेषणात येते. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये मांडलेलं प्रमाण मुक्त संकर गृहीत धरतं. भातात विषम जोड्या कमी निघणारच. त्या कमी निघाल्या म्हणून ‘समष्टी असंतुलित आहे, बहुधा निवड चालू आहे’ असं लिहिलं, तर परीक्षक पहिल्याच फेरीत पकडतील. उलट, विषम जोडी सापडली तरच थांबून विचार करा. शेजारच्या वाणाशी नुकताच संकर झाला असेल, बियाण्यात भेसळ असेल, किंवा तुमच्या नळीत दोन रोपांची पानं गेली असतील.

शेतावर जाताना वही, पेन्सिल, जीपीएस असलेला फोन आणि सिलिका जेल एवढं जवळ हवं. कोवळ्या पानाचा तुकडा कागदी पाकिटात घालून ते पाकीट सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचं, म्हणजे पान लवकर वाळतं आणि डीएनए टिकतो. ऑगस्टमध्ये आजऱ्याची हवा इतकी दमट असते, की जेल बघता बघता ओलं होतं. रंग बदलणारं जेल घ्या, रंग पालटला की डबा बदला, आणि ओलं जेल घरी आल्यावर तापवून पुन्हा वापरा. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक लिहा. शाई पावसात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. वहीत त्याच क्रमांकापुढे गाव, शेताची जागा, तारीख, शेतकऱ्याने सांगितलेलं वाणाचं नाव, बियाणं कुठून आणि कधी आणलं, लावण केली की धूळवाफ पेरणी, हे सगळं लिहा. पीक पक्व झालं की त्याच रोपाची किंवा त्याच शेतातली लोंबी आणून जपून ठेवा. चार वर्षांनी कोणी शंका घेतली, तर दाखवायला डीएनएच्या नळीपेक्षा लोंबीच उपयोगी पडते. शेतकऱ्याला आपण काय करतो आहोत ते नीट सांगा, त्याची संमती घ्या, आणि निष्कर्ष मराठीत लिहून त्याला परत द्या. पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क संरक्षणाचा कायदा २००१ चा आहे. त्यानुसार शेतकरी स्वतःचा वाण नोंदवू शकतो, आणि तुमच्या नोंदी त्याच्या कामी येऊ शकतात.

प्रयोगशाळेतलं काम वाटतं तेवढं महाग नाही. पानातून डीएनए काढायला सीटीएबी पद्धत पुरते. पुढे ब्रॅडबरी यांनीच चार प्रायमरची एक चाचणी दिली आहे. तिला पीसीआर यंत्र आणि अ‍ॅगरोज जेल एवढंच लागतं, अक्षरं वाचावी लागत नाहीत. सगळ्या नमुन्यांत सुमारे ५८० अक्षरांचा पट्टा येतो. त्याखाली वासाच्या भातात २५७ चा आणि बिनवासाच्या भातात ३५५ चा पट्टा दिसतो. दोन्ही दिसले तर जोडी विषम. प्रत्येक जेलवर तीन नळ्या न चुकता लावा: बासमती ३७०, बिनवासाचा जया, आणि डीएनए न घातलेली कोरी नळी. कोऱ्या नळीत पट्टा दिसला, तर त्या दिवसाचं सगळं काम बाद धरा, कितीही जिवावर आलं तरी.

वासाची चाचणीही सोबत करा. पानाचे तुकडे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दहा मिनिटं ठेवून हुंगायचे, ही सूद आणि सिद्दीक यांची १९७८ ची पद्धत. हुंगणारे तिघे असावेत, आणि कोणता नमुना कुठला हे तिघांनाही ठाऊक नसावं. डीएनए सांगतो वास नाही आणि तिघेही म्हणतात आहे, असं झालं तर तो नमुना बाजूला काढा, कारण तुमच्या प्रकल्पातला सर्वांत रोचक नमुना तोच. वासाचं दुसरं रूपही जगात माहीत आहे: त्यात दुसऱ्या एक्झॉनमधली सात अक्षरं गळालेली असतात आणि वरची चाचणी ते ओळखत नाही. असा नमुना मात्र अक्षरं वाचायला पाठवा. थोडक्या पैशात मोठं काम करायचं तर सगळं वाचत बसण्यापेक्षा शंका आलेलं तेवढं वाचणं बरं.

आता समजा, सगळ्याच रोपांत २५७ चा पट्टा आला. कितीतरी विद्यार्थी इथे खचतात, ‘फरकच नाही’ म्हणतात. फरक नसणं हाही निष्कर्षच आहे, पण तो फक्त त्या एका जनुकाचा. वाणाचा इतिहास त्यातून कळत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या कोवाच, मॅकाउच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वासाच्या जनुकाच्या आसपासचा भाग अनेक भातांत वाचला. तेव्हा दिसलं, की आठ अक्षरं गळालेलं हे रूप मुळात जपोनिका गटात निर्माण झालं आणि तिथून इतर भातांत शिरलं. म्हणजे एखाद्या भाताचं बाकी सगळं अंग इंडिका गटाचं आणि वासाचा तुकडा तेवढा जपोनिकाचा, असं असू शकतं. जनुकाचा वंशवृक्ष आणि ते जनुक बाळगणाऱ्या वाणाचा वंशवृक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा मनात पक्कं बसलं, की या शास्त्राचं अर्धं काम कळलं. गावागावांतल्या बियाण्याचं नातं पाहायचं तर इतर गुणसूत्रांवरचे मायक्रोसॅटेलाइट घ्या. भातासाठी ‘आरएम’ मालिकेतले असे शेकडो प्रायमर छापून प्रसिद्ध आहेत आणि तेही जेलवर पाहता येतात.

एक गोष्ट मात्र या पद्धतींनी सुटत नाही. घनसाळ आजऱ्याबाहेर लावलं तर तसा वास येत नाही, असं सांगणारे शेतकरी तुम्हाला भेटतील. दाणा भरताना हवा थंड असली की वास जास्त टिकतो, हे इतर सुवासिक भातांत दिसलेलं आहे. पण तुमच्या बियाण्याबद्दल ते ठरवायचं तर एकच बियाणं दोन ठिकाणी लावून पाहावं लागेल. डीएनएच्या जेलवरून त्याबद्दल एक वाक्यही लिहू नका.

शेतातून रानात गेलात, की नियम कडक होतात. आजऱ्यातून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथल्या देवळाच्या कुंडात ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ हा मासा सापडला, २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ घोषित केली. एवढ्याशा जागेत राहणाऱ्या जातीचे तीस नमुने मागणं हाच गुन्हा ठरेल. तिथे माशाच्या पराचा चिमूटभर तुकडा घेऊन मासा परत सोडतात, तोही परवानगी असेल तरच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि जैवविविधता कायदा २००२ चा. दोन्ही वाचा, नंतर झालेल्या दुरुस्त्यांसकट. राधानगरी, दाजीपूर, चांदोलीत पाऊल टाकण्यापूर्वी वनविभागाचं लेखी पत्र हातात हवं. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला भेटा. तिची लोक जैवविविधता नोंदवही पाहिली तर स्थानिक नावं आणि जागा कळतात. नमुने परदेशी पाठवायचा विचार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही. भारतातच वाचून घ्या.

वनस्पतींमध्ये काम करणाऱ्याला कोल्हापुरात घरचीच परंपरा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियांवर, अनेक वर्षं काम केलं. रानातून जाती शोधल्या, विद्यापीठाच्या उद्यानात वाढवल्या, आणि पश्चिम घाटातल्या कंदीलपुष्पांचा रेण्वीय वंशवृक्ष मांडणारा निबंध २००९ मध्ये आला, त्यातही ते सहलेखक होते. विशाळगडाच्या परिसरातून शिवरायांच्या नावाने नवं कंदीलपुष्प २०२३ मध्ये नोंदलं गेलं, तेही कोल्हापूरच्याच अभ्यासकांच्या हातून. मला या परंपरेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिचा क्रम. आधी झाड ओळखायला शिकले, नंतर डीएनएकडे वळले. उलट्या क्रमाने गेलात तर जगभरच्या खुल्या जनुकसाठ्यात चुकीच्या नावाने अक्षरं भराल, आणि ती चूक जगभर इतरांच्या वंशवृक्षांत शिरेल. नमुन्याचं हर्बेरियम पत्रक विद्यापीठाच्या संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक निबंधात द्या. दुर्मीळ झाडाची नेमकी जागा मात्र छापू नका. कंद उकरून नेणारे लोक निबंधही वाचतात.

सड्यांवर, कड्यांवर, गडांच्या तटांत राहणारे निशाचर-दिनचर पाली-सरडे, बेडूक, देवगांडुळं यांच्या नव्या जाती उत्तर पश्चिम घाटातून सतत नोंदल्या जात आहेत. त्या झपाट्यामुळे एक मोह होतो: मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाच्या ६५८ अक्षरांत काही टक्के फरक दिसला, की नवी जात जाहीर करायची. हे टाळा. जे प्राणी फार हिंडत नाहीत, त्यांच्यात दूरच्या दोन टोकांचे नमुने नेहमीच वेगळे दिसतात. मधल्या टेकड्यांवरचे नमुने घेतले, की तो फरक पायरीपायरीने भरून निघतो का, हे आधी बघा. आणि सीओआय वाचल्यावर ती अक्षरं प्रथिनात रूपांतर करून पाहा. मध्येच थांबा-संकेत आला, तर बहुधा तुम्ही केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत वाचली आहे. पृष्ठवंशी आणि अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकाँड्रियाची संकेतसारणी वेगळी असते, ती बरोबर निवडा. नमुना फॉर्मालिनमध्ये टाकण्यापूर्वी ऊतीचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला.

माणसांच्या डीएनएवर प्रकल्प करावा असंही काहींना वाटतं. महाराष्ट्रात या विषयाचा वारसा मोठा आहे. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये आठ अंतर्विवाही ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली मोडणारे गट जैविकदृष्ट्या एकच असतात हे गृहीतच त्यांनी तपासायला घेतलं. पण पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी हा विषय सुचवत नाही. नीतिमत्ता समितीची मंजुरी, प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती, माहितीची गुप्तता हे सगळं सांभाळायला अनुभवी मार्गदर्शक आणि वेळ लागतो. आणि जातींबद्दल अर्धवट आकडे बाहेर पडले तर त्याचा त्रास ज्यांनी रक्त दिलं त्यांना होतो.

पहिला पाऊस पडण्याची वाट न बघता आजच करता येईल असं काम संगणकावर आहे. जनुकसाठ्यातली अक्षरं कोणालाही फुकट मिळतात. तीन हजार भातांच्या जीनोमची माहितीही खुली आहे. एखादा छापलेला निबंध घ्या, त्यातलीच अक्षरं उतरवा आणि त्यातलाच वंशवृक्ष स्वतः काढून बघा. मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ते घडवणाऱ्यांत मासातोशी नेई आणि भारतीय वंशाचे सुधीर कुमार आहेत. हॅप्लोटाइप मोजायला डीएनएएसपी, मोठ्या वंशवृक्षांना आयक्यू-ट्री आणि बाकी सगळ्याला आर. आर आत्ताच शिका. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत प्रयोगशाळेच्या कौशल्याइतकंच ते विचारतात.

पुढची वाट नेट, गेट आणि संस्थांच्या स्वतंत्र परीक्षांतून जाते. गेटमध्ये परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांती असा वेगळा पेपर आहे, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीतच नसतं. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, तिच्यातून हैदराबादच्या सीसीएमबीत, बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये किंवा आयसरमध्ये दोन महिने काम करायची संधी मिळते. वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून त्यांच्या समष्टीचा अभ्यास करणाऱ्या उमा रामकृष्णन एनसीबीएसमध्येच आहेत. प्राण्याला हात न लावता नमुना कसा घ्यावा, हे शिकण्यासारखं आहे.

मार्गदर्शकाला पत्र लिहाल तेव्हा ‘मला आपल्या क्षेत्रात रस आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचा एक निबंध खरोखर वाचा, त्यातली न समजलेली एक गोष्ट विचारा, आणि तुमचा प्रश्न, तुमच्या हाताशी असलेली जागा, आतापर्यंत घेतलेले नमुने आणि त्यांच्या नोंदी हे सगळं एका पानात मांडा. नोंदवहीच्या एका पानाचा फोटो जोडा. गुणपत्रिकेपेक्षा त्या फोटोवरून तुमच्याबद्दल जास्त कळतं. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तोवर आणखी दोन ठिकाणी लिहा.